वरून खाली एक वाक्य

आमच्या मामेसासऱ्यांएवढं मोजकं बोलणारा आणि तरीही दिवसभर बोलतच असणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. माझ्या बायकोचे हे धाकटे मामा भवानी पेठेत राहतात. ते न्हाणीघरातून बाहेर पडले की घराला कळतं, चपला घालून जिन्याकडे वळले की शेजाऱ्यांनाही कळतं, कारण प्रत्येक वळणाला मामा ते जाहीर करतात. "घर, घरमालक, न्हाणीघराबाहेर, स्वयंपाकघराकडे वळतोय, चहासाठी." एवढं म्हणून क्षणभर थांबतात, कोणी आडवं येत नाही ना याचा कानोसा घेतात आणि मगच वळतात. आतून मामींचं उत्तर येतं, "या की मग! कोण अडवलंय तुमाला?" हे उत्तर मामांना मान्य नाही. मामींनी फक्त "समजलं" एवढंच म्हणावं असा त्यांचा लग्नापासूनचा आग्रह आहे. मामी ते कधीही म्हणालेल्या नाहीत आणि मामांनी सांगायचं सोडलेलं नाही.

मामा निवृत्त मास्तर, पण शाळेतले नव्हेत. दूरच्या एका गावी विमान शिकवणारी संस्था होती, तिथे ते होणाऱ्या वैमानिकांना बोलायला शिकवत. विमान हाकायला शिकवणारे वेगळे. रेडिओवर काय बोलायचं, कधी, किती आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, ते मामांकडे. तिथल्या मैदानाला टॉवर नव्हता. उतरायला आलेली विमानं धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घालतात. धावपट्टी बाजूला ठेवून उलट्या दिशेने जायचं ती बाजू डाऊनविंड, तिथून आत वळलं की बेस आणि धावपट्टी नाकासमोर आली की फायनल. टॉवर नसला की 'तू थांब, तू ये' म्हणणारं कोणी नसतं. म्हणून प्रत्येकाने प्रत्येक वळणावर सगळ्यांना सांगायचं: कोणाला सांगतोय, कोण सांगतोय, कुठे आहे आणि आता काय करणार. ऐकायला दुसरं कोणी असो वा नसो, सांगायचंच. "जावईबापू," मामा मला म्हणतात, "एकमेकांवर आपटायचं नसेल तर माणसाला एवढी चार उत्तरं पुरतात. खाली लोक तोंडाला फेस येईपर्यंत बोलतात आणि यातलं एकही सांगत नाहीत."

यातला टोमणा मला असतो, हे उघड आहे. मी कॉलेजात शिकवतो आणि माझं वाक्य सुरू झालं की ते कुठे संपेल याची मलाही खात्री नसते. एकदा मी त्यांना मंगळवेढ्याच्या एका लग्नाची हकीकत सांगत होतो. मी नुकता मांडवापर्यंत आलो होतो, तेवढ्यात मामांनी हात वर केला. "जावईबापू, तुमचं वाक्य उतरेपर्यंत माझं इंधन संपेल. लग्न लागलं का?" लागलं, म्हणालो. "मग झालं तर." असं म्हणून ते उठले आणि आपण गच्चीकडे निघाल्याचं जाहीर करून गेलेसुद्धा.

त्यांच्याबरोबर हॉटेलात जाणं हा तर शिक्षेचाच प्रकार आहे. मामांचा नियम असा, की ज्याला काही सांगितलं त्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. आकाशात हा नियम जीव वाचवतो, हे मला मान्य आहे. पण नव्या पेठेतल्या हॉटेलात वेटरला "दोन कडक भाकरी, एक भरलं वांगं, शेंगाचटणी जास्त, परत म्हणा" असं सांगितलं तर काय होणार? वेटर म्हणाला, "म्हणून काय करू मामा, घिऊनच येतो की." मामांनी त्याला थांबवून घेतलं. शेवटी त्याने कसंबसं म्हणून दाखवलं, त्यात शेंगाचटणी राहिली. "पाहिलंत?" मामा विजयाने माझ्याकडे वळले. "राहिली की नाही?" नंतर वेटरने भाकरीच्याही आधी ती शेंगाचटणीच आणून आदळली, तीही वाडगाभर, पण त्याचं मामांना काही नव्हतं.

टीव्हीवरच्या सिनेमात वैमानिक 'ओव्हर अँड आऊट' म्हणाला की मामा उठून टीव्ही बंद करतात. "ओव्हर म्हणजे आता तू बोल. आऊट म्हणजे बोलणं संपलं. तू बोल आणि संपलं, असं एका दमात म्हणणारा माणूस विमान कसलं उतरवतोय!" त्यामुळे त्या घरात विमानाच्या एकाही सिनेमाचा शेवट कोणी पाहिलेला नाही. आमच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा सासूबाईंनी दवाखान्यातून भावाला फोन केला. आनंदाने त्यांना रडू आवरत नव्हतं. पलीकडून मामांचा शांत आवाज: "आधी कोण बोलतंय ते सांगा. मग कुठून. मग काय झालं." सासूबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं आणि त्यांनी भावाला अशा काही शिव्या दिल्या की बाळ दचकून उठलं. मामांनी त्या पूर्ण ऐकून घेतल्या आणि "समजलं" म्हणाले.

स्कूटरवर तर विचारूच नका. प्रत्येक चौकाआधी खणखणीत आवाजात, "भवानी पेठ, पांढरी स्कूटर, चौकाच्या अलीकडे, डावीकडे वळतोय." एकदा हवालदाराने अडवलं.

"कुनाशी बोलताय काका? कानाला फोन तर न्हाय."

"सगळ्यांशी."

"सगळे कुटं ऐकतेत?"

"न ऐकोत. मी कुठे आहे ते सांगणं माझं काम."

हवालदार म्हणाला, "बरं. हेल्मेट घालून बोला की." तेव्हापासून मामा हेल्मेटच्या आतून बोलतात. पूर्वी लोकांना निदान ऐकू तरी यायचं.

हे वेड कुठून आलं ते मामी सांगतात. त्या सांगायला लागल्या की मामा गच्चीवर जातात. मामांच्या वडिलांचे यंत्रमाग होते. त्या खडखडाटात वाढलेला मुलगा विमान शिकायला गेला, याचंच पेठेला कोण कौतुक! हात उत्तम होता म्हणतात. शिकवणारा शेजारी बसायचा तोवर रेडिओवर तोच बोलायचा. मग एक दिवस तो खाली उतरला आणि म्हणाला, जा, आता एकटा एक फेरी मारून ये. मामा गेले. डाऊनविंडला आले, बटण दाबलं, आणि तोंडातून शब्द फुटेना. बेसला तेच, फायनलला तेच. वरून नुसती बटणाची खरखर यायची. खाली सगळ्यांना वाटलं, रेडिओ मेला, आता पोराचं काय होतंय. जो तो मैदानाकडे धावला. आणि मामांनी चादर अंथरावी तसं ते विमान धावपट्टीवर टेकवलं. शिकवणारा म्हणाला, "विमान येतं तुला. बोलायला शीक, मग पुढच्या फेरीला सोडतो." मामा रात्रंदिवस ती चार वाक्यं घोकत बसले. पण पुढची फेरी आलीच नाही. परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी झाली आणि डाव्या कानाने घात केला. मागांनी तो केव्हाच निकामी करून टाकला होता, फक्त कोणाला कळलं नव्हतं. संस्थेने हळहळून त्यांना शिकवायला ठेवून घेतलं. घोकलेलं सगळं ते दुसऱ्यांच्या पोरांना देत बसले.

मला हे मामींकडून कळलं, पण मामा स्वतः एकदाच बोलले. संध्याकाळी ते होटगी रस्त्याला विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहतात. मैदान वर्षानुवर्षं ओस होतं तेव्हाही जायचे, आता विमानं यायला लागली तेव्हाही जातात. त्या दिवशी मी सोबत होतो. एक विमान दूरवर वळताना दिसलं, तसे मामांचे ओठ हलायला लागले. ते उतरून थांबेपर्यंत हलत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खालून वर मी जन्मभर बोललो, जावईबापू. वरून खाली एक वाक्य राहिलं. फार नाही, एकच. आपल्या गावावरून." एरवी मी त्यांच्या कुठल्याही बोलण्याची थट्टा करतो. त्या दिवशी केली नाही.

यंदा हिवाळ्यात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ही मूळची करमाळ्याची. शिकताना अतिशय बडबडी होती. एकदा भर डाऊनविंडवर "सर, काय भारी दिसतंय हो इथनं!" असं रेडिओवर ओरडली म्हणून मामांनी तिला दिवसभर, अगदी जेवतानासुद्धा, चार उत्तरांतच बोलायला लावलं होतं. ती आता स्वतः विमान शिकवते. एका छोट्या विमानाने ती सोलापूरला येणार होती. सगळ्या परवानग्या काढूनच तिने फोन केला होता. "सर, तुम्हाला एक फेरी मारून आणते. नाही म्हणायचं नाही." मामांनी तिच्याकडून दिवस, वेळ, जागा परत म्हणवून घेतली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ते फोनपाशीच उभे राहिले.

त्या सकाळी मामा परीटघडीचा पांढरा शर्ट घालून तयार. मामीही आल्या होत्या. फाटकाशी त्या मामांना हळूच म्हणाल्या, "आता वर जाऊन गप बसू नका. बोला." मामांनी मान हलवली. मला मागची जागा मिळाली. मामा पुढे, तिच्या शेजारी. तिघांच्याही कानांवर हेडफोन. आमचं आपसातलं बोलणं आम्हाला ऐकू यायचं, पण बाहेर रेडिओवर जायचं ते विमान वळवायच्या दांड्यावरचं बटण दाबलं तरच. तसं एक बटण मामांच्या दांड्यावरही होतं.

विमान वर चढलं. सिद्धेश्वराचं तळं दिसलं, जुन्या गिरणीची चिमणी दिसली आणि आम्ही वळून डाऊनविंडला लागलो. ती म्हणाली, "सर, बटण तुमच्याकडं पण हाय. बोला की."

मामांचा अंगठा बटणावर गेला. मला मागून दिसत होतं. तो तिथे राहिला आणि मग खाली आला.

"माझा रेडिओवर बोलायचा परवाना संपलाय पोरी."

"कोण विचारतंय सर? एक वाक्य तर हाय."

"कोणी विचारत नाही तेव्हाच पाळायचा असतो. वर्गात काय सांगत होतो मी?"

मला असा संताप आला म्हणून सांगू! वाटलं, मागून हात घालावा आणि त्यांचा अंगठा त्या बटणावर दाबून धरावा. जन्मभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते वीतभर अंतरावर आणि हा माणूस नियम सांगतोय. वाक्य बोलायची वेळ निघून चालली होती. आणि मग हेडफोनमध्ये मामांचा आवाज आला. बटण न दाबता. बाहेर कुठेही न जाणारा. कोणाला, कोण, कुठे, काय करणार. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग आपलं बटण दाबलं आणि तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच संथ लयीत खाली सांगितले. बेसला वळताना ती थांबून राहिली. मामा बोलले, मग ती बोलली. फायनलला धावपट्टी समोर आली. मामांचा आवाज या वेळी कापत होता, मध्ये एकदा तुटलासुद्धा. तिने त्यांचं पूर्ण होऊ दिलं आणि मगच बटण दाबलं. खालून उत्तर आलं. ते तिच्या आवाजाला आलं. मामा खिडकीबाहेर बघत होते.

उतरल्यावर ती त्यांच्या पाया पडली. मामा तिला म्हणाले, "छान बोललीस," आणि डोक्यावर हात ठेवला. आम्ही फाटकाबाहेर आलो. मामी उन्हात कपाळावर हात धरून उभ्या होत्या.

"बोललात का?"

मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "शब्द सगळे माझेच होते," ते म्हणाले. "आवाज तेवढा माझा नव्हता."

मामी त्यांचा दंड धरून म्हणाल्या, "असू द्या. मी खालनं बघत हुते की."