तैस्तोची लाल गाडी

तैस्तो आठवडाभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि रविवारी खडीच्या मैदानावर शर्यती जिंकायचा. आमच्याकडचा नियम असा, की शर्यत संपली की ठरलेल्या किमतीला कुणीही गाडी मागावी आणि मालकाने ती मुकाट द्यावी. मग महागडी गाडी बांधायच्या फंदात कुणी पडत नाही. तैस्तोने अशा कैक गाड्या हसत दिल्या. पण ही लाल गाडी शेवटची, यानंतर तो शर्यती सोडणार होता. बायको हिल्काबरोबर हिवाळाभर गोठ्यात खपून बांधलेली. ती त्याला ठेवायची होती.

शेवटची शर्यतही त्याने जिंकली, आणि गाडीसाठी पाच जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. निघाली ओइवाची, त्याच्या शेजारच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याची. तैस्तोने मान खाली घालून किल्ली पुढे केली.

"तोंड कशाला पाडतोस रे?" ओइवा म्हणाला. "तीस वर्षं तुझ्या गाडीची पाठच बघतोय. म्हटलं, निदान ती तरी आपल्या मालकीची असावी."

"मग ने की घरी."

"कुठे नेऊ? माझ्या शेडमध्ये बायकोच्या मेंढ्या आहेत. राहू दे तुझ्याच गोठ्यात. शनिवारी तुझ्याकडे सौनाची वाफ घ्यायला येईन, तेव्हा बघून जाईन. किल्लीही ठेव, माझ्याकडे हरवते."

हिल्काने थर्मासमधली कॉफी आधी ओइवाला दिली. तैस्तोला तेव्हा कुठे भूक लागल्याचं कळलं. त्याने दोन सॉसेज मागवले आणि दोन्ही स्वतःच खाल्ले.