नारळावरचा पहिला हात

महापालिकेच्या निवडणुकीत मी माझ्या सख्ख्या वहिनीला मत दिलं नाही. ती निवडून आली, आणि त्या दिवसाइतका आनंदाचा दुसरा दिवस आमच्या घरात मला आठवत नाही. त्या आनंदात मी मनापासून नाचलोही. हे सगळं एकाच माणसाने केलं आहे आणि तो माणूस मी आहे. हे कुठेतरी नीट सांगून टाकायला हवं.

आमचं घर उमेळे गावातलं. खाडीच्या अंगाला भातशेती आणि घरामागे वाडी, म्हणजे केळी, पानवेली, थोडी फुलं. मी सहावीत असताना आई गेली. त्याच वर्षी दादाचं लग्न झालं, आणि एकोणीस वर्षांची ती मुलगी घरात आल्यापासून माझा डबा भरू लागली. माझ्या सदऱ्यांची बटणं तिने लावली, गणिताच्या पेपराआधी माझ्यापेक्षा जास्त ती घाबरायची. पुढे मला मुंबईत नोकरी लागली. वाडीतला माझा हिस्सा मी बिल्डरला दिला, तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत, चौथ्या मजल्यावर, मी बायकोसह राहायला गेलो. दादा-वहिनी जुन्या घरातच राहिले. आमच्या मध्ये एक कुंपण. माझ्या खिडकीतून तिचं अंगण दिसतं.

कित्येक वर्षं आमच्याकडे महापालिकेची निवडणूकच झाली नव्हती. ती लागली तेव्हा गावच्या पक्षाने वहिनीला उभं केलं. गावचा पक्ष म्हणजे असा पक्ष, की आमच्या तालुक्याच्या बाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नाही. त्याआधीच्या मोठ्या निवडणुकीत तो इथेच आपटला होता. त्यात वहिनीला दिलं ते सर्वसाधारण जागेवरचं तिकीट, जिथे बाकी सगळे पुरुष उमेदवार होते. दादा म्हणाला, "हिला पाडायलाच उभी केली."

"पडली तर पडली," वहिनी म्हणाली. "शेतात काय कमी पडली मी? उठते आनि पुन्हा लावनी करते."

आमच्या घरात मोठं काम काढलं, विहीर असो वा लग्न, की गावदेवीपुढे नारळ ठेवायची रीत आहे. घरातली सगळी माणसं एकेक करून त्यावर हात ठेवतात. हात ठेवला म्हणजे त्या कामात आपण आहोत. मग नारळ तिथेच राहतो. काम झालं की तो फोडायचा, आणि फोडायचा त्यानेच, ज्याने पहिला हात ठेवला. काम फसलं तर न फोडता खाडीत सोडून द्यायचा.

अर्ज भरायच्या दिवशी आम्ही देवळात गेलो. दादा बाहेर चपला काढत रेंगाळला. वहिनी नारळ ठेवून उभी होती आणि तिच्याकडे बघून मला एकदम भरून आलं. मी पुढे झालो आणि पहिला हात ठेवला. तेव्हा ते खोटं नव्हतं, एवढं तरी माझ्याबद्दल खरं मानावं.

पण मी राहतो सोसायटीत. तिथे आठवड्याभराने बैठक झाली. आमचे सेक्रेटरी बोलायला चांगले. "वर दिल्लीत ते, मुंबईत ते," ते म्हणाले, "सगळ्या शहरांत तेच येणार. मग आपणच कशाला उलटं जायचं? उद्या पाण्याची फाइल अडली की कोणाकडे जाणार? चारही मतं एकाच पॅनेलला द्या. फोडू नका." मी मान हलवली. मोठ्या निवडणुकांत मी गेली दहा वर्षं दिल्लीच्या पक्षालाच मत देत आलो आहे, तेही पटून. त्याची मला लाज नाही.

लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. प्रचाराला वहिनी आमच्या इमारतीत आली, पदर खोचलेला, पायात स्लिपर, सोबत चार बायका. लिफ्टपाशी उभी राहून ती सेक्रेटरींना विचारत होती, "तुमच्याकडं पानी कवा येतं?" सेक्रेटरी शुद्ध मराठीत उत्तर देत होते आणि बारीक हसत होते. मी तेव्हा बाहेरून आत शिरत होतो. मी मागे वळलो, मागच्या जिन्याने वर गेलो. सोसायटीत मी गावचा म्हणून ओळखला जाऊ नये असं मला वाटत होतं, हे त्या जिन्यात मला कळलं. कळूनही मी वर चढत राहिलो.

मतदान गावच्या शाळेत होतं. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून प्रत्येकाला चार मतं. चार रंगांच्या पत्रिका, आणि चारही बटणं दाबल्याशिवाय यंत्र शेवटचा लांब आवाज देत नाही. मी तीन बटणं दाबली, दिल्लीच्या पक्षाची, एका दमात. चौथ्या पत्रिकेवर वहिनीचं नाव होतं. मी थांबलो. किती वेळ थांबलो ठाऊक नाही.

"काका, चौथं राहिलंय!" बाहेरून अधिकारी ओरडले. "चौथं दाबा!"

रांगेतले लोक हसले. मी स्वतःला समजावलं, की तीन तिकडे दिली आहेत, आता फोडू नये. ती पडणारच आहे. एका मताने काय होतंय. मी तिचं नाव सोडून दिल्लीच्या पक्षाचं बटण दाबलं. यंत्राचा आवाज आला.

बाहेर माझी पुतणी पक्षाची प्रतिनिधी म्हणून बसली होती, वहिनीची मुलगी. "काका, आत झोपलेलास काय?"

"चष्मा विसरलो गं घरी. नावंच दिसेनात."

"तुझ्या डोक्यावर आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या मतदाराचं नाव यादीत शोधू लागली.

निकालाच्या दिवशी सकाळीच मी रजा टाकून दादाच्या अंगणात गेलो. न जाणं शक्य नव्हतं, आणि जायला पाय उचलत नव्हता. दादाने ओट्यावर टीव्ही मांडला होता. वहिनी सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. टीव्हीवर एकामागून एक शहरं येत होती आणि सगळीकडे एकच पक्ष जिंकत होता. राज्याचा नकाशा एकाच रंगाने भरत चालला होता.

"झालं," दादा म्हणाला. "नारल सोडायचा खाडीत. भरती कवा आहे बघा."

"आधी शेंगा सोल," वहिनी म्हणाली आणि मूठभर शेंगा त्याच्या मांडीवर टाकल्या.

पुतणी मतमोजणीच्या ठिकाणी होती. पहिल्या फेरीनंतर तिचा फोन आला: आई थोडी मागे. मला वाटलं होतं की मला हायसं वाटेल. उलट मी तिला पुन्हा नीट बघायला सांगितलं. दुसऱ्या फेरीला: आई पुढे. मी उभा राहिलो. तिसऱ्या फेरीला आणखी पुढे, आणि मी दादाच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या मांडीवरचे वाल अंगणभर झाले.

"याला झालंय काय?" दादा म्हणाला.

पण मला ठाऊक होतं, आमच्या इमारतींची यंत्रं शेवटी उघडणार. तिथे ती कोसळणार. तिथे आम्ही राहत होतो ना, पॅनेल न फोडणारे. मी हात जोडून टीव्हीसमोर बसलो. कुणाच्या विरोधात हात जोडले होते? माझ्याच.

फोन आला. पुतणी किंचाळत होती. "काका, तुझ्या बिल्डिंगच्या मशीनमध्ये आई पुढे! तुझ्याच! आली, आई आली!"

मग जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. वहिनी उठायला गेली आणि सूप उपडं झालं. शेजारच्या ख्रिस्ती वाडीतले बँडवाले गणवेश न चढवताच धावत आले, एकाच्या पायात तर चप्पलच नव्हती. गुलाल कुठून आला कळलं नाही. मी नाचलो. पन्नाशीला आलेला, गुडघा दुखणारा मी, बँडच्या पुढे उलटा चालत नाचलो. टीव्हीवर आमच्या शहराचं नाव आलं. नुसती वहिनीच नाही, सगळं शहर गावच्या पक्षाकडे गेलं होतं. नकाशात सगळा एक रंग आणि पश्चिमेच्या कडेला आमचा तेवढा तुकडा वेगळा. दादा टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "ह्यो बघा. ह्यो आपुन."

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "चला, नारल फोडायचाय."

नाचता नाचता मी थंड पडलो. देवळाच्या पायऱ्या चढताना गुलाल घामाबरोबर डोळ्यांत उतरत होता. नारळ तिथेच होता, महिन्याभराची धूळ बसलेला. दादाने माझ्या हातात कोयता दिला. "पहिला हात याचा," तो सगळ्यांना सांगत होता, "माझ्या भावाचा."

मी कोयता खाली ठेवला. म्हटलं, "वहिनी, मी तुला मत दिलं नाही."

बँडवाल्यांपर्यंत ते पोचायला थोडा वेळ लागला. मग तेही थांबले.

"म्हंजे?" वहिनी म्हणाली.

"चारही तिकडे दिली. हा नारळ मी फोडू शकत नाही. दुसऱ्या कोणालातरी सांग."

"मना वाटलेलंच," पुतणी म्हणाली. "चष्मा डोक्यावर होता ना." एवढं बोलून ती वळली. तिला आईच्या तोंडाकडे बघायचं होतं. मलाही.

वहिनी मला म्हणाली, "थांब. तू मत नाय दिलंस."

"नाही."

"तरी मी आली?"

"आलीस."

"आनि तुझ्या बिल्डिंगीत पुढं?"

"हो."

ती हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग तो सोडून, शेवटी पायरीवर बसून. "अहो, ऐकलंत काय?" ती दादाला म्हणाली. "घरचा माणूस नव्हता माझ्याकडं, तरी लोकांनी आनली मना. ह्ये तर जास्तीच झालं!"

दादा हसत नव्हता. "याला खोबरं नको. याला करवंटी द्या," तो म्हणाला. त्यावर सगळं देऊळ हसलं, आणि मग तोही हसला, पण थोडा उशिरा. त्याचं बरोबर होतं.

"उठ बाला," वहिनीने कोयता परत माझ्या हातात दिला. "पहिला हात तुझा, फोडायचा तूच. पन रविवारी माझ्यासंगती फिरायचं. तुझ्याच बिल्डिंगीत. आनि आता मना जे सांगितलंस, तेच दारादारात सांगायचं."

मी नारळ फोडला. पाणी माझ्या सदऱ्यावर उडालं. आणि दादाने खरोखरच मला करवंटी दिली. तिला चिकटलेलं खोबरं मी तिथेच उभ्या उभ्या दातांनी खरवडून खाल्लं.

रविवारी ती आमच्या फाटकापाशी हजर होती. तळमजल्यावरचं पहिलं दार. इथे राहणारी बाई मूळची उत्तरेकडची, दोन वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याहून आलेली. मी हात जोडून म्हणालो, "ही माझी वहिनी. मी हिला मत दिलं नव्हतं."

बाई माझ्याकडे बघत राहिली. "अरे भाईसाब, हमने तो दिया था," ती म्हणाली. मग अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत तिने गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. घरात गुडघाभर पाणी, गॅस बंद, आणि ही वहिनी डोक्यावर टोपलं घेऊन पाण्यातून आलेली. टोपल्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि दुधाच्या पिशव्या. "मैं बोली, आप कौन? तो बोलती है, बाजूवाली."

मी पुढच्या दारी गेलो. तेच वाक्य. मग पुढच्या. तिसऱ्या दारापर्यंत जीभ अडत होती, दुसऱ्या मजल्यावर ती सुटली. कोणी हसलं, कोणी पाणी दिलं, एका आजोबांनी मला "शाब्बास" म्हटलं, ते नक्की कशासाठी हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींचं दार. त्यांनी माझं वाक्य ऐकलं, आत वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "कोणाला बोलू नका. तीन मी ठरल्याप्रमाणे दिली. चौथं वहिनींना. पावसात आईचं औषध यांनीच आणून दिलं होतं हो."

"मग बोलून टाका की," वहिनी म्हणाली. "ह्याला बघा, कसा हलका झाला."

चौथ्या मजल्यावर मी किल्ली काढली. तिने माझा हात धरला. "बेल वाजव. हितं पन बोलायचं."

बायकोने दार उघडलं. मी हात जोडले. "ही माझी वहिनी. मी हिला मत दिलं नव्हतं."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "मी दिलं होतं. आत या, पोहे गार होताहेत."

वहिनी ताटली घेऊन खिडकीशी उभी राहिली. मी तिथे राहायला आल्यापासून ती फार तर चार वेळा आली असेल, आणि प्रत्येक वेळी दाराजवळच्या खुर्चीवर बसून गेली होती. ती खाली बघत होती. तिचं अंगण, तुळस, वाळत घातलेले वाल, कुंपणापासून आमच्या फाटकापर्यंतची वाट.

"हितून सगलं दिसतं?"

"दिसतं."

"पावसात मी पान्यातून येत होती, ती पन दिसली असेल."

"दिसली होतीस," मी म्हणालो. तेव्हा मी या खिडकीतच उभा राहिलो होतो, आणि हे कबूल करायला तिने मला दारादारात लावलं नव्हतं. ते सगळ्यांत जड होतं.

बायकोकडे वळून तिने लिंबाची फोड मागितली, ती पोह्यांवर पिळली आणि म्हणाली, "यंदा पानी भरलं की खाली उतर. टोपलं जड असतं. दोन मानसं लागतात."

"उतरेन," मी म्हणालो.

"मानूस कबूल झाला," ती बायकोला म्हणाली. "आता ह्याला पन थोडे पोहे दे."