मी तो पिक्चर बघितला होता

हे मी घरात बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायचं काय — तर एका पिक्चरबद्दल खोटं बोललो. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही मनाला हेच सांगत आलोय. पण एवढंच असतं तर अकरा वर्षं सलत राहिलं असतं का?

बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या वाचनालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण जमायचो. विषय पिक्चरचा, आणि त्यातही एकाच दिग्दर्शकाचा. नाव घेत नाही, पण आमच्या भागात त्यांना मानत नाही असा माणूस शोधावा लागेल. त्यांचा धरणाचा पिक्चर भारी की शाळेचा, यावर आम्ही किती चहा गार केलेत. मी त्यात पुढं. आवाज मोठा, माघार ठाऊक नाही — आणि माझं म्हणणं कोण खोडत नाही याचा मला लई माज.

त्यांनी एकच पिक्चर कन्नडमध्ये काढला होता. न्हाव्याचा. आता इथं मला जरा थांबावं लागतंय.

जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात मी दिवसभर कन्नड बोलतो. मशीनवर, कँटीनमध्ये, साहेबासमोर. आणि गावात शिरलो की मला कन्नड येत नाही. बाप-चुलत्यांनी सीमेसाठी लाठ्या खाल्लेल्या गावात कन्नड येतं म्हणून कोण मिरवणार? एकमेकांचं ठाऊक असलं तरी विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी ती जरा जास्तच पाळली.

भरमू माझ्याच खात्यातला कामगार. निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातला, तेव्हा आमच्या गल्लीत भाड्यानं राहायचा. घरात मराठी, आजोळी कन्नड, आणि दोन्हीची त्याला लाज नाही. वाचनालयात त्याला मीच नेला. न्हाव्याचा पिक्चर बघायलाही मीच ओढून नेला — बेळगावला, दुपारच्या खेळाला. त्यात एक म्हातारा न्हावी अबोला धरलेल्या भावाच्या दारात जातो आणि एक शब्द न बोलता त्याची दाढी करतो. माझं थोरल्या अण्णाशी बांधावरनं बोलणं बंद होतं. मी रडलो. भरमूनं रुमाल दिला. त्याच संध्याकाळी मी अण्णाच्या घरी गेलो, चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी भरमूला ते सांगितलं आणि म्हणालो, "ह्याच्या वर त्यांचा एकबी पिक्चर न्हाय." हे माझे शब्द होते, त्याचे नव्हेत.

पुढं ते दिग्दर्शक वारले. वाचनालयानं त्यांच्या दहा उत्तम पिक्चरांची यादी लावायचं ठरवलं. एकेकानं उठून आपला पहिला नंबर सांगायचा. भरमूनं न्हाव्याचा सांगितला. मग कोणतरी म्हणालं, "आपल्या वाचनालयात पहिला नंबर कानडी पिक्चरला?" दुसरा म्हणाला, "आजोळचं रगत हाय, बोलणारच की." भरमूही हसला. त्याला वाटलं, आपला माणूस बसलाय समोर. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ह्याला इचारा. आम्ही दोघंबी गेलतो बघायला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. काय केलं असतं त्यांनी? मारलं नसतं, वाळीत टाकलं नसतं. फार तर चार दिवस चिडवलं असतं. तेवढ्याला मी भ्यालो.

"मी कुठं गेलतो?" म्हणालो. "मला कानडी कळत न्हाय, तिथं बसून काय करू?" आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही. "पाव्हण्यांची आवड पाव्हण्यांना," असं वर जोडलं. सगळे खदखदून हसले. मला बरं वाटलं. हे सांगायला जास्त जड जातंय — त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं.

भरमूनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मला उघडं पाडणं त्याच्या हातात होतं, त्या पिक्चरनंतर मी अण्णाकडं गेलो एवढं बोलला असता तरी पुरे होतं. तो म्हणाला, "व्हय, माझीच गफलत झाली. दुसरं कोनतरी हुतं संगट." आणि खाली बसला. पहिला नंबर धरणाच्या पिक्चरला गेला. तो मीच सुचवला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. नंतरही कधी नाही. दोन महिन्यांत त्यानं बिऱ्हाड मच्छ्याला हलवलं. कारखाना जवळ पडतो म्हणाला. सामान उचलायला मी होतो. टेम्पोत कपाट चढवताना आम्ही दोघंच — तेव्हा तरी बोलायचं की नाही? "पाय सांभाळ," एवढंच बोललो.

कारखान्यात डबा अजून एकत्र खातो. भाजीची देवाणघेवाण होते. पिक्चरचा विषय त्यानं परत काढला नाही, आणि मला तोंड नाही.

गेल्या महिन्यात निपाणीला त्याच्या पोरीचा साखरपुडा झाला. वाचनालयाच्या मंडळीतल्या दोघांनाही त्यानं घरी जाऊन आमंत्रण दिलं होतं, ते माझ्याबरोबरच उभे होते. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत पंगती उठवायच्या म्हणून सगळ्यांची गडबड. चिकोडीकडचे त्याचे व्याही आमच्याजवळ आले आणि हात जोडून त्यांनी मला कन्नडमध्ये विचारलं — जेवण झालं का, एवढंच. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भरमू लगबगीनं आला. वाचनालयातल्या त्या दोघांकडं त्यानं एक नजर टाकली आणि व्याह्यांना म्हणाला, "ह्यांच्यासंगं मराठीत बोला. आमच्या दोस्ताला कानडी येत न्हाय."

टोमणा असेल म्हणून मी त्याचा चेहरा नीट बघितला. टोमणा नव्हता. मला वाचवायला तो पंगत सोडून आला होता.

मी मान हलवली. "व्हय," म्हणालो, "येत न्हाय."