किल्ल्यांची फळी

दत्तूदादाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. वेळ सहाची, पण ती आपली नावाला. कधी सव्वासहा व्हायचे, कधी सात. त्या दिवशी मात्र बरोबर सहाला फोन वाजला. मी उचलल्या उचलल्या म्हणाले, "आज सूर्य कुठं उगवला रे?" पलीकडून त्याच्या कुपवाडच्या वर्कशॉपमधल्या बिरूचा आवाज आला. "ताई, मी बिरू हाय. मालक गेलं वो. लेथपाशीच बसल्या जागी... दवाखान्यात न्हेलं, पर काय उपेग झाला न्हाई." मी साताऱ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात फोन धरून तशीच उभी राहिले. याला आता दीड महिना झाला.

आम्ही मूळचे वाईचे. बाबा शाळेत शिक्षक, आणि त्यांच्याच मुलाच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा : हुशार आहे, पण लक्ष नाही. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला दही आणायला धाडलं की रिकामं भांडं घेऊन परत यायचा आणि वाटेतल्या सायकलच्या दुकानात चेन कशी बसवतात ते तासभर सांगायचा. चपला घाटावर, दप्तर मित्राकडे, छत्री कुठं ते देवाला ठाऊक! बाबांनी मारलं, आईनं नवस बोलले, काकांनी तर 'बेफिकीर' हे नावच पाडलं. मीही फिदीफिदी हसायचे. आणि हाच दादा बिघडलेला रेडिओ उघडून बसला की चार-चार तास जेवायला उठायचा नाही. मग सगळे म्हणायचे, "बघा, मनात आणलं की जमतं याला!" हे वाक्य त्याला माराहून जास्त लागायचं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली. दोनदा चुकीच्या पाळीला हजर झाला, तिसऱ्यांदा त्यांनीच येऊ नका म्हणून सांगितलं. शेवटी कुपवाडला एक जुनं लेथ मशिन घेऊन त्यानं स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि तिथं मात्र तो रुळला. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. लांबलांबून लोक यायचे, आणि त्याचा चष्मा मात्र त्याच्याच कपाळावर हरवलेला असायचा.

बाबा गेले तेव्हाची गोष्ट. दहाव्याला आम्ही सगळे कृष्णेच्या घाटावर, गुरुजी मांडामांड करून तयार, आणि कर्ताच गायब. दूध राहिलं होतं म्हणून दादा स्वतःच ते आणायला गेला होता. अर्ध्या तासानं काकांना तो सापडला वाटेवरच्या गिरणीत. मुंडण केलेलं डोकं, ओलं धोतर, आणि हा खाली बसून गिरणीचा निसटलेला पट्टा चढवत होता. दूध राहिलंच. नंतर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. एकेकानं बाबांची राहिलेली इच्छा आठवून बोलून पाहिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी दादा हात जोडून म्हणाला, "बाबा, छबीला मी कधी अंतर देणार नाही." छबी म्हणजे मी. कावळा आला आणि शिवला. काका पुटपुटले, "हा? हा तर दूध आणायला विसरला!" लोक हसले. बाबांच्या दहाव्याला, घाटावर... आणि त्या हसण्यात मीही होते.

त्या आठवड्यापासून दादाचा रोज फोन सुरू झाला. दोन मिनिटांचा. "जेवलीस का, गुडघा कसा आहे, बरं ठेवतो." कधी मी उत्तर देते आहे तोवर हा मध्येच बिरूशी बोलायला लागलेला. मला राग यायचा, पण फोन यायचा हे खरं. एकदा मी अचानक कुपवाडला गेले. दाराशी किल्ल्या अडकवायची एक लाकडी फळी होती आणि तिच्यावर दादाची अख्खी दुनिया लिहिलेली : गॅस, चष्मा, डबा धुणे. आणि किल्लीच्या खिळ्याखाली, 'कुलूप लावण्याआधी छबीला फोन.' माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सख्ख्या बहिणीची आठवण फळीवर लिहून ठेवावी लागते तुला? डबा धुण्याच्या शेजारी?" तो हातातला खडू चुरडत राहिला. मी चहाही न घेता निघाले. त्यानंतर चार महिने मी त्याचा फोन उचलला नाही. तो मात्र रोज येत राहिला.

मी स्वतः शिक्षिका. निवृत्तीआधी आम्हाला एका प्रशिक्षणाला बसवलं होतं, मुलांमधल्या एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या अवस्थेबद्दल. मी वही उघडून ऐकू लागले आणि दहा मिनिटांत माझं पेन थांबलं. समोरच्या बाई दत्तूदादाचंच वर्णन करत होत्या. मी किती मुलांच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नाही' लिहिलं असेल... लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. त्या संध्याकाळी मी फोन उचलला. महिन्याभरात त्याला घेऊन सांगलीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खूप काही विचारलं, आणि शेवटी तेच नाव सांगितलं. परत येताना रिक्षात दादा डॉक्टरांची फाइल मांडीवर उघडून बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे छबे, मी मुद्दाम नव्हतो करत?" साठी उलटलेला माणूस, आणि हे तो मला विचारत होता. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "जे समोर दिसत नाही ना, ते माझ्या डोक्यातनं पार निघून जातं गं. म्हणून जे सुटून चालणार नाही, ते मी लिहून ठेवतो." उतरताना डॉक्टरांची फाइल तो रिक्षातच विसरला. आम्ही दोघं रस्त्यात उभं राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

दिवसकार्य झाल्यावर मी वर्कशॉपवर गेले. बिरूनं ती फळी काढून माझ्या हातात ठेवली. वरची खडूची अक्षरं आधीच पुसट झालेली. हात लागला तशी तीही गेली. मागे राहिली फक्त माझी ओळ. ती ऑइलपेंटनं लिहिली होती, थरावर थर चढून अक्षरं जाड झालेली. त्या दिवशी रागात मला शब्द दिसले, रंग दिसलाच नव्हता. बिरू म्हणाला, "बाकीचं खडूनं वो, रोजचं. ही वळ मातूर मालक दसऱ्याला मशिनींची पूजा झाली की ताजी करायचं. मला बी हात लावू द्यायचं न्हाईत."

फळी आता माझ्या दाराशी आहे, माझ्याच घराच्या किल्ल्या तिच्यावर असतात. सहा वाजत आले की कणीक मळत असले तरी मी हात धुते, पदराला पुसते आणि बाहेर येऊन बसते. फोन वाजत नाही, हे मला माहीत आहे. पण त्याची वेळ कधी पक्की नव्हतीच, म्हणून सातपर्यंत बसते. येत्या दसऱ्याला ती ओळ मी ताजी करणार आहे.