वजाबाकीचा सत्याग्रह

नायगावच्या एका चाळीत तळमजल्यावरच्या खोलीत मी तेव्हा बालवर्ग चालवत असे. 'खेळातून गणित' ही नवी पद्धत आमच्या चालकांच्या डोक्यात शिरली होती. म्हणजे पाढे बंद, पाट्या बंद आणि मी बेजार. चिंचोके मोजायला दिले तर मुलं ते घरी नेऊन भाजून आणत आणि मोजायच्या आत फस्त करत. शेवटी मी मुलांनाच मोजायला घेतलं. एक उभं राही, दुसरं येऊन मिळे, बेरीज झकास जमली. वजाबाकीने मात्र माझा पिच्छा पुरवला.

दिवसच तसे होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठे ना कुठे मोर्चा निघे आणि मुलांना दुसरा खेळ सुचत नसे. मी म्हटलं, चला, मोर्चावरच शिकू. पाच जणांचा मोर्चा आणि समोर पोलीस. पोलिसाचं काम कायम एकाच मुलीकडे, कारण तिचे वडील खरोखरचे हवालदार, शेजारच्या पोलीस लाइनीत राहणारे. मोर्चात तिला कोणी घेतच नसे. रद्दीची टोपी घालून तिने दोघांना धरलं आणि कोपऱ्यातल्या तुरुंगात नेलं. आता किती उरले, मी विचारलं.

पाच, सगळे म्हणाले.

कारण मागून दुसरे दोघे निमूटपणे येऊन रिकाम्या जागी उभे राहिले होते. मी चिडले. तशी एका चिमुरडीने मला शांतपणे समजावलं, ''बाई, दोगां गेली तर दुसरी दोगां येतली. पद्धतच तशी आसा.''

तिचे गिरणीतले वडील नुकतेच सत्याग्रहाच्या तुकडीतून तुरुंगात जाऊन आले होते. तिच्याशी काय वाद घालणार? पुढे कितीही वेळा खेळलो तरी पाचातून दोन गेले की पाचच.

अशातच शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. मुलांना वजाबाकी येत नसेल तर वर्ग बंद, हे त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. त्यांनी खेळ पाहिला, उत्तर ऐकलं, चष्मा पुसला. मग कोट काढून गृहस्थ स्वतःच पोलीस झाले आणि हवालदाराच्या मुलीला त्यांनी हाताशी घेतलं. दोघं धरली, दोघं आली. साहेब इरेला पेटले. तुरुंगात घोषणा सुरू झाल्या, एकाने तिथेच शू केली. मुलं संपली तेव्हा आमची मदतीची मावशी केरसुणीसकट येऊन उभी राहिली. साहेबांनी तिलाही धरलं. दारातून बघणारी कोळीण आत आली, ती माशांच्या पाटीसह कोपऱ्यात गेली.

अखेर जागा खरोखर रिकामी झाली. घाम पुसत साहेबांनी विचारलं, ''आता किती उरले?''

शून्य. एवढा एक शब्द कोणीतरी बोलायला हवा होता. माझा वर्ग त्यावर लटकला होता आणि मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते.

हवालदाराच्या मुलीने टोपी काढली, साहेबांच्या हातात दिली आणि रिकाम्या जागी जाऊन उभी राहिली.

''एक,'' ती म्हणाली.

साहेबांनी ती टोपी खुर्चीवर ठेवली. मग बरोबर आहे म्हणाले, वर्ग चालू ठेवा म्हणाले आणि कोट घालून निघून गेले. मला रडू आलं. ते मी पोरांपासून लपवलंही नाही.

वर्ग सुटताना तिचे वडील ड्युटीवरून तसेच न्यायला आले, अंगात गणवेश, हातात काठी. मुलांनी धावत जाऊन त्यांना बातमी दिली की आज ही मोर्चात उभी राहिली. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

''बाई, उत्तर बरोबर आलं का तिचं?''

''बरोबर आलं,'' मी म्हटलं.

त्यांनी काठी काखेत धरली आणि पोरीला खांद्यावर घेतलं. मुलांनी बाजूला होऊन दोघांना वाट करून दिली.