पाहुण्यांपुरती बोलकी साइट

डायरेक्टरने माझ्या डोळ्यांसमोर हात हलवला. हात दिसला नाही, पण वारा लागला. नुकत्याच खाल्लेल्या समोशाचा वासही आला.

"टोटल ब्लाइंड," तो पाहुण्यांना म्हणाला. "काहीच दिसत नाही हिला. तरी बघा कशी करते."

एक बाई "अरेरे" म्हणाली. मग कुणाचा तरी हात माझ्या डोक्यावरून फिरला. मी चौतीस वर्षांची होते. एम.ए. झालेली. डोक्यावरून हात फिरला आणि मी हसले. हे आधीच सांगून टाकते. मी हसले.

साकीनाक्याला एका गाळ्याच्या वर आमची कंपनी होती. खाली दिवसभर लेथ मशीन घरघरायचं, वर आम्ही वेबसाइट बनवायचो. तयार झालेली साइट न बघता वापरता येते का, हे तपासायचं माझं काम. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. पण बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल, तर ते नुसतं 'बटण' म्हणतं. नाव द्यायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आमच्यासाठी कुणाकडेच नसतात.

ती साइट एका हॉस्पिटलची होती. अपॉइंटमेंटच्या पानावर मला सलग नऊ वेळा 'बटण' ऐकू आलं होतं. तारीख निवडता येत नव्हती. शेवटी साइट चित्रातले सिग्नल ओळखा म्हणायची, नाहीतर पुढे जाऊ द्यायची नाही. मी तीनदा लेखी रिपोर्ट दिला. साइट बनवणारा समीर शेजारच्या टेबलवर बसायचा. तो म्हणायचा, "नेक्स्ट फेजमध्ये घेऊ ना यार."

पाहुणे त्याच हॉस्पिटलचे होते. समीरने माझ्यापुढे लॅपटॉप ठेवला. आणि त्या दिवशी सगळं बोललं. डॉक्टर निवडा. तारीख निवडा. नक्की करा. सिग्नलचं चित्र आलंच नाही. एका मिनिटात अपॉइंटमेंट झाली. टाळ्या वाजल्या. मला वाटलं, रिपोर्ट वाचला शेवटी कुणीतरी. घाटकोपरला घरी जाऊन आईला सांगितलं. तिने शेजारणीला सांगितलं.

पंधरा दिवसांनी बोरीवलीहून सावंतकाकांचा फोन आला. काका मालवणकडचे, अंध, टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. मला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला. साइट सुरू झाली तेव्हा मीच त्यांना ती वापरायला सांगितली होती.

"गो, तुझी ती साइट माझ्याशी काय बोलणा नाय."

त्यांना लघवीचा त्रास होता. शेवटी शेजारच्या सुनेला बोलावून फॉर्म भरून घ्यावा लागला. फॉर्ममध्ये विचारलं होतं, त्रास कुठे आहे, किती दिवसांपासून आहे, कपडे ओले होतात का. काकांना ते त्या पोरीला तोंडाने सांगावं लागलं.

"आता लिफ्टमध्ये भेटली काय गप रवता ती," काका म्हणाले.

मी साइट उघडली. बटण. बटण. बटण. नऊ वेळा.

समीरला विचारलं. तो सहज म्हणाला, "अगं, ती डेमोची पानं होती. चारच बनवलेली. खास तुझ्यासाठी. वरून ऑर्डर होती."

बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. त्यांनी मला माकडासारखं नाचवलं होतं, आणि माकडाला ठाऊकच नव्हतं दोरी कुठे आहे. किळस त्यांची आलीच. पण जास्त किळस माझी आली. त्या टाळ्या मला आवडल्या होत्या. घरी जाऊन मी त्या आईला ऐकवल्या होत्या.

त्याच आठवड्यात डायरेक्टरने केबिनमध्ये बोलावलं. टेबलवरून एक कागद सरकवला.

"फॉर्मॅलिटी आहे. सही कर."

मी फोन कागदावर धरला. माझा फोन छापलेलं वाचतो. त्याने डायरेक्टरसमोरच मोठ्याने वाचलं: ही साइट अंध व्यक्तीने स्वतः तपासली असून ती अंधांसाठी पूर्णपणे सुगम आहे. खाली माझं नाव.

मग झाकण उघडल्याचा खट् आवाज आला. शाईचा वास आला.

"सही जमत नसेल तर अंगठा चालेल."

अंगठा.

जालन्याकडे माझ्या आजीने आयुष्यभर अंगठे दिले. कागदावर काय लिहिलंय ते लोकांनी सांगायचं, हिने उमटवायचा. आई मुंबईत ऑफिसांच्या फरशा पुसायची. चाळिशीत सही शिकली. मग मला शिकवली. पुठ्ठ्याला खाच पाडायची, खाचेत माझं पेन ठेवायची आणि हाताला धरून फिरवायची. वर्षभर. ओळ वाकडी गेली की पुन्हा. म्हणायची, "डोळे नाहीत म्हणून अंगठा द्यायचा नाही. आपल्यात आता कुणी देत नाही."

"सही येते मला," मी म्हटलं. "पण हे खोटं आहे. करणार नाही."

"तुमच्यासारख्यांना उभं कोण करतं, सांग ना? आम्ही केलं."

मी माझ्या टेबलवर आले. तिन्ही रिपोर्ट हॉस्पिटलला पाठवले. वर एकच ओळ लिहिली: तुम्हाला जे दाखवलं ती तुमची साइट नव्हती. दुसऱ्या दिवशी माझ्या कार्डाने दार उघडलं नाही. वॉचमनने माझा डबा आणि हेडफोन पिशवीत घालून दिले.

हॉस्पिटलकडून उत्तर आलं नाही. साइट आजही तशीच आहे. मी रोज तपासते.

दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार लिहिताना काकांना विचारलं, तुमचं नाव घालू का. ते म्हणाले, "घाल. लाज माका कित्याक? तेंका वाटूक होयी."

काल डायरेक्टरचा फोन आला. सुनावणीची नोटीस त्याला मिळाली आहे. आवाज एकदम मऊ. "घरच्यासारखी आहेस तू. ये, बसून मिटवू."

मी जाणार नाही. मला बसायचं नाही आणि मिटवायचं नाही. तक्रारीतला प्रत्येक दोष मी सुनावणीत साइट चालवून सगळ्यांना ऐकवणार, आवाज मोठा करून. एकदा दुरुस्त झाला म्हणाले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणार. ही संपली की दुसरी साइट घेणार. नोकरी नसल्यामुळे वेळ भरपूर आहे.