दिव्याला न दिसणारा माणूस

श्यामसुंदर देवस्थळींनी खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सची एकतीस वर्षं नोकरी केली. बदली होऊन आले आणि इथलेच झाले. पत्नी गेल्यावरही पुण्याला परतले नाहीत. मुलगा सलील, सून केतकी आणि नात आभा यांच्यासोबत राहत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, ते म्हणजे घरभर फिरून इतरांनी चालू ठेवलेले दिवे बंद करणं.

बाथरूमला खिडकी नव्हती, त्यामुळे तिथला दिवा दिवसभर जळायचा. शेवटी ते स्वतः चांदणी बाजारात गेले, चार दुकानं पालथी घातली आणि नऊ वॉटचा सेन्सरवाला एलईडी घेऊन आले. माणूस आत आला की लागणार, बाहेर गेला की विझणार.

"वीजही वाचेल आणि माझं ओरडणंही," ते केतकीला म्हणाले.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग वैशाखातल्या एका दुपारी ते आत गेले, तर दिवा लागलाच नाही. हात वर केला. बाहेर येऊन पुन्हा आत गेले. अंधारच. तेवढ्यात आभा हात धुवायला धावत आली आणि दिवा लख्ख लागला. ती गेली, ते उभेच राहिले. थोड्या वेळाने दिवा विझला.

आभा दारातून डोकावली. दिवा पुन्हा लागला. "आजोबा, तुम्ही अंधारात का उभे होतात?"

त्यांनी नळ सोडून हात धुतले.

त्यानंतर रोज दुपारी हेच. इतरांना दिवा लागे, त्यांना नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? बाजारात मासेवाला त्यांच्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाशी बोलला. केतकीने एकदा चहाचे दोनच कप भरले. ते खुर्चीत बसलेले तिला दिसलेच नव्हते. ते मनगट दाबून नाडी बघू लागले. ठोका यायचा, पण फार सावकाश, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. गोदीत कधी कधी असं व्हायचं. कागदावर माल असायचा, पेटी उघडली की आत काही नसायचं.

ते अंधारातच आंघोळ करू लागले. समोर आरसा होता आणि आरशात कुणी नव्हतं. अंधारात कुणीच दिसत नाही, हे त्यांना कळत होतं. तरी ते बराच वेळ बघत राहायचे.

एका दुपारी केतकीला काळोख्या बाथरूममधून पाण्याचा आवाज आला.

"आत कोण आहे?"

नळ बंद झाला. मग आवाज आला, "मीच असेन बहुतेक."

ते बाहेर आल्यावर तिने त्यांना खुर्चीत बसवून सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी विजेचा मिस्त्री आला. त्याने भिंतीला हात लावला. पश्चिमेची भिंत; चटका बसत होता. या दिव्याला हलणारी ऊब कळते, तो म्हणाला. भिंतच अंगाइतकी तापली की त्याला माणूस ओळखता येत नाही. पण तो स्वतः आत गेला तेव्हा दिवा लागला. श्यामसुंदर गेले तेव्हा लागला नाही.

"काका फारच हळू चालतात," मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाला.

केतकीने सासऱ्यांचा हात धरला. त्या उकाड्यात तो गारढोण होता.

संध्याकाळी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड जवळजवळ बंद पडल्याचं निघालं. गारवा, सुस्ती, मंद नाडी हे सगळं त्यातूनच आलेलं, आणि घरच्यांनी ते वयाच्या खात्यावर टाकलेलं. "आणखी उशीर झाला असता तर एके दिवशी झोपेतून उठलेच नसते," डॉक्टर म्हणाले.

गोळ्या सुरू झाल्या. सलीलने बाथरूममध्ये बटणाचा साधा सात वॉटचा एलईडी बसवला. दुर्गापूजेच्या दिवसांपर्यंत श्यामसुंदर पूर्वीसारखे झपाझप चालू लागले आणि दिव्यांवरून सगळ्यांना पुन्हा बोलू लागले.

फक्त बाथरूममध्ये शिरून बटण दाबलं की ते आधी फरशीकडे पाहतात. सावली पडलेली असते. मग नळ सोडतात.